दोनशे बारची हवा

अचूकरावांच्या मेहुण्याने नेमबाजीत कप जिंकला, ही काही जगबुडीची बातमी नव्हती. कप जेमतेम वीतभर होता आणि त्याची सोनेरी झळाळी नखाने खरवडली असती तर निघाली असती. असती म्हणजे, निघाली. अचूकरावांनी कुणी बघत नसताना खात्री करून घेतली. दुखण्याचं कारण वेगळंच होतं. मेहुण्याने तो कप स्वतःच्या घरी न नेता बहिणीच्या, म्हणजे अचूकरावांच्याच घरी आणून टीव्हीशेजारी ठेवला.

"माझ्याकडे जागाच नाही गं ताई," तो म्हणाला. "आधीचे आहेत ना तिथे."

मेहुण्याचं फरश्यांचं मोठं दुकान होतं. अशा माणसाच्या घरात वीतभर जागा नसावी, यावर विश्वास ठेवायला सख्खी बहीणच हवी. तिने तो ठेवला आणि कपाखाली विणलेला रुमालही घातला.

अचूकराव हे अर्थातच खरं नाव नव्हे. लेखातपासणीच्या कचेरीत ते वरिष्ठ तपासनीस होते आणि दुसऱ्याच्या बेरजेतली चूक त्यांना वासाने कळत असे. सहकाऱ्यांनी पाठीमागे ठेवलेलं हे नाव हळूहळू पुढूनही वापरात आलं. ते कौतुकाने ठेवलंय असं मानणारा कचेरीत एकच माणूस होता, आणि तो म्हणजे ते स्वतः.

"दाजी, तुम्हीही या की आमच्या क्लबात," मेहुणा म्हणाला. "नुसतं बघायला."

"बघायला कशाला? मारायलाच येतो."

"मारायला हात स्थिर लागतो हो," मेहुणा अतिशय प्रेमाने म्हणाला. दुर्दैवाने त्याच क्षणी अचूकरावांच्या हातात कपबशी होती आणि ती रागाने वाजत होती. तिघांनीही तिचा आवाज ऐकला. कुणी काही बोललं नाही. माणसाचा अपमान करायचा असेल तर यापेक्षा परिणामकारक पद्धत अजून सापडलेली नाही.

दुसऱ्याच दिवशी अचूकराव खेळाच्या साहित्याच्या दुकानात जाऊन उभे राहिले. त्यांना एक छर्ऱ्याची बंदूक हवी होती. उत्तम, टिकाऊ, अचूक आणि स्वस्त. दुकानदाराने हे चारही शब्द शांतपणे ऐकून घेतले आणि विचारलं, "यातले कुठले दोन?"

मग त्याने समजावून सांगितलं. एक असते स्प्रिंगची. ती स्वस्त, पण झटका देते. नवशिक्याची गोळी भिंतीत जाते आणि खांदा डॉक्टरकडे. दुसरी म्हणजे पीसीपी. तिच्या नळीत आधीच हवा दाबून भरून ठेवायची, दोनशे बार. घोडा ओढला की त्यातली चिमूटभर हवा सुटते आणि छर्रा निघतो. झटका नाही, दणका नाही.

"दोनशे बार म्हणजे?"

"तुमच्या गाडीच्या चाकात असते त्याच्या जवळजवळ शंभरपट."

अचूकरावांना आपल्या खांद्याला टेकलेली शंभर चाकं दिसली, पण ते डगमगले नाहीत. भिंतीवर कोरीव लाकडी दस्त्यांच्या देखण्या बंदुका ओळीने टांगल्या होत्या. त्यांच्या किमतीच्या चिठ्ठ्या बघून अचूकरावांनी नजर आदबीने खाली आणली आणि सगळ्यात खालच्या खणातली काळ्या प्लास्टिकची पीसीपी उचलली. "दिखाऊपणा मला आवडत नाही," ते म्हणाले. खिसा हलका असला की माणसाची अभिरुची आपोआप साधी होते.

बिल फाडून झाल्यावर दुकानदाराने हळूच विचारलं, "आणि नेम कशातून धरणार?"

दुर्बीण वेगळी होती. दुर्बीण बसवायच्या कड्या वेगळ्या होत्या. छर्रे वेगळे, पेटी वेगळी.

"घोडा तरी आत आहे ना?" अचूकरावांनी विचारलं.

"हो हो, घोडा कंपनी देते."

"आणि हवा?"

"हवा तुमची," दुकानदार म्हणाला.

अचूकरावांनी दुर्बीण घेतली, पण लोखंडाच्या दोन फडतूस कड्यांसाठी दुकानदाराने सांगितलेली किंमत ऐकून त्यांच्यातला तपासनीस जागा झाला. कड्या त्यांनी घरी येऊन फोनवरून मागवल्या, निम्म्या किमतीत. आल्या त्या भलत्याच रुंद पट्टीच्या निघाल्या. बंदुकीवर दुर्बीण अशी बसली, जसा एखाद्याने घाईत दुसऱ्याचा चष्मा घालावा. त्यांनी कागदाच्या घड्या सारून पाहिल्या. दुर्बिणीतून समोरच्या इमारतीवरची पाण्याची टाकी स्वच्छ दिसत होती. नळी मात्र खालच्या मजल्यावर रोखलेली होती. ते मुकाट्याने दुकानात परत गेले. दुकानदाराने एक अक्षर न बोलता योग्य मापाच्या कड्या पुढे सरकवल्या. तो बोलला असता तर बरं झालं असतं.

राहता राहिली हवा. दुकानदाराने हातपंप दाखवला होता, पण त्याची किंमत बंदुकीच्या खांद्याला खांदा लावून उभी होती. ज्या वस्तूने अख्खी पृथ्वी वेढलेली आहे ती विकत घ्यायला अचूकरावांचं मन होईना. ते बंदुकीची पेटी घेऊन पेट्रोल पंपावर गेले. हवा भरणाऱ्याने पेटीत डोकावून विचारलं, "यात चाक कुठंय?" त्याचं यंत्र दहाच्या पुढे जात नव्हतं. दोनशे म्हटल्यावर तो हसला आणि लगेच गंभीर झाला, कारण समोरच्या माणसाच्या हातात बंदूक होती.

घरी आल्यावर सल्ले सुरू झाले. समोरच्या दारातले कंपाउंडर हवेच्या विषयातले स्वयंघोषित जाणकार होते. "हॉस्पिटलात ऑक्सिजनची नळकांडी पडलेली असतात. चांगली शुद्ध हवा! तुमची बंदूक ठणठणीत होईल," ते म्हणाले. अचूकरावांना हे पटलं. सुदैवाने त्यांनी दुकानदाराला फोन लावून विचारलं. तो फोन हातभर लांब धरूनही ऐकू येत होता.

"ऑक्सिजन भरलात आणि आत तेलाचा थेंब असला, तर बंदूक, तुम्ही आणि तो कंपाउंडर, तिघंही हवेत मिसळाल!"

कंपाउंडरांनी तेवढ्यात आपलं दार लावून घेतलं होतं.

शेवटी पंप आला. दिसायला तो सायकलच्या पंपासारखाच होता, पण मगरही दिसायला पालीसारखीच असते. सुरुवातीला दांडा सरसर खालीवर झाला आणि अचूकरावांनी बायकोला हाक मारून दाखवलं. मग काटा चढू लागला तसा दांडा जड होत गेला. नंतर तो वरच राहिला. अचूकरावांनी दोन्ही हात टेकले, पोट टेकलं, शेवटी पाय उचलले. आता ते पूर्णपणे दांड्यावर लोंबकळत होते आणि दांडा जागचा हलत नव्हता.

आतून बायकोने विचारलं, "अहो, काही पडलं का?"

"काही पडत नाहीये, तोच तर प्रश्न आहे!"

ही झटापट वरच्या मजल्यावरच्या व्यायामशिक्षकाने जिन्यातून पाहिली. त्याला इमारतीत सगळे पहिलवान म्हणत. तो आला, त्याने अचूकरावांना अलगद बाजूला ठेवलं, आणि बोलता बोलता काटा दोनशेवर नेला. त्या दिवसापासून तो रोज सकाळी यायचा, आदली हवा सोडायचा आणि नव्याने भरायचा. "छातीला मस्त आहे हे, काका," तो म्हणायचा. पुढे त्याचे दोन चेलेही येऊ लागले. अचूकरावांच्या बैठकीच्या खोलीत तिघं घाम गाळत आणि बायको त्यांना पाणी नेऊन देई. बंदुकीचा मालक कोपऱ्यात बसून काट्याकडे बघत असे. आपल्या छंदात आपल्याला काहीच काम नाही, हे त्यांच्या लक्षात येत होतं. पण मोठ्या खात्याचे प्रमुख असेच काम करतात, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

क्लबात नाव नोंदवायला ते गेले तेव्हा तिथल्या सचिवांनी विचारलं, "परवाना?"

"या बंदुकीला परवाना लागत नाही."

"माहीत आहे. तसा पोलिसांचा दाखला आणा."

पोलीस ठाण्यात टेबलामागे एक जाडजूड हवालदार बसला होता. त्याने बंदुकीचा कागद उलटसुलट पाहिला. "याला परवाना लागत नाही," तो म्हणाला.

"तेच लिहून द्या."

"परवाना लागत असता तर परवाना दिला असता. लागत नाही म्हटल्यावर आम्ही देणार काय?"

"लागत नाही, एवढंच."

"साहेब, तुम्हाला काय काय लागत नाही ते आम्ही लिहीत बसलो तर ठाणं बंद करावं लागेल."

"मग दाखला देता येत नाही असं तरी लेखी द्या."

"त्याचा नमुना नाही."

अचूकरावांनी उभा जन्म लोकांना नमुने दाखवून परत पाठवण्यात घालवला होता. समोरच्या बाजूला उभं राहिल्यावर कसं वाटतं, हे त्यांना प्रथमच कळलं आणि अजिबात आवडलं नाही. ते पुन्हा गेले, पुन्हा परत आले. स्पर्धा जवळ येत होती, मेहुणा फोनवर "काय दाजी, तयारी?" असं विचारत होता आणि त्याची बहीण शेजारी उभी असल्यामुळे त्याला योग्य ते उत्तरही देता येत नव्हतं.

अशात एके सकाळी पहिलवान फार उत्साहात होता. काटा दोनशेवर आला. "थांब," अचूकराव म्हणाले. "अजून जोर आहे काका," असं म्हणत त्याने आणखी दहाबारा दणके दिले. काटा तांबड्या पट्ट्यात शिरला. अचूकरावांना कचेरीला उशीर होत होता. त्यांनी बंदूक कपाटात, चादरींच्या मागे ठेवली आणि ते निघून गेले.

दुपारी बायको स्वयंपाकघर आवरत होती तेव्हा तिला बारीक फुसफुस ऐकू आली. तिने शेगडी बंद केली. गॅसचं बटण बंद केलं. फुसफुस चालूच. तिने खिडक्या उघडल्या आणि तळमजल्यावर राहणाऱ्या, इमारतीच्या चिटणीस असलेल्या निवृत्त मुख्याध्यापिका बाईंना हाक मारली. बाई वर आल्या, त्यांनी कान दिला, आणि पर्समधून शाळेच्या काळातली शिट्टी काढली. पाहता पाहता अख्खी इमारत रस्त्यावर आली. कुणी हातात मिक्सर घेऊन आलं होतं, कुणी इस्त्री. बाईंच्या कडेवर मांजर होतं. कंपाउंडर सर्वांत आधी खाली पोचले होते आणि वायुगळतीच्या परिणामांविषयी माहिती देत होते.

अचूकरावांना कचेरीत फोन आला तेव्हा ते एका कनिष्ठाला निष्काळजीपणावर व्याख्यान देत होते. ते धावत आले. दारात अग्निशमन दलाची लाल गाडी होती. बायको फूटपाथवर उभी होती, आणि तिच्या हातात, घर जळणार म्हणून वाचवलेली एकुलती एक वस्तू होती: भावाचा कप.

तेवढ्यात पाठीवर श्वसनाची नळकांडी बांधलेले जवान खाली उतरले. त्यांच्या अधिकाऱ्याने दोन्ही तळव्यांवर आडवी बंदूक धरली होती.

"गॅस नाही. हिचं सील फाटलंय. नुसती हवा आहे," तो म्हणाला.

"हवा?" बाईंनी विचारलं. "हवेसाठी मी मांजर घेऊन उन्हात उभी आहे?"

गर्दीने अचूकरावांसाठी आदराने वाट करून दिली. माणसाला अशी वाट दोनच प्रसंगी मिळते, आणि दुसऱ्या प्रसंगी तो निदान आडवा तरी असतो.

बंदूक निघाली म्हटल्यावर पोलीस येणं भाग होतं. आला तोच जाडजूड हवालदार. त्याने अचूकरावांना ओळखलं, सुस्कारा सोडला आणि रस्त्यावरच पंचनामा लिहायला घेतला. अचूकराव त्याच्या खांद्यावरून वाचत होते. एका ओळीशी त्यांचे डोळे थबकले. 'सदर वस्तूस परवाना लागत नल्याने कोणतीही कारवाई करण्यात आली नाही.' खाली सही. सहीवर शिक्का.

"याची प्रत मिळेल?" त्यांनी कापऱ्या आवाजात विचारलं.

पंचनाम्याची प्रत इतक्या आनंदाने मागणारा माणूस हवालदाराने अख्ख्या नोकरीत पाहिला नव्हता. "आणि 'नसल्याने'मधला 'स' सुटलाय, तेवढा घाला," अचूकराव म्हणाले.

खरं तर इथे त्यांनी थांबायला हवं होतं. बायको थांबा असंच डोळ्यांनी सांगत होती. पण अचूकरावांची नजर त्या अधिकाऱ्याच्या पाठीवर गेली होती.

"साहेब, या नळकांड्यात किती बार असतात?"

"तीनशे."

"हवाच ना? कोरडी? गाळलेली?"

"अहो!" बायको म्हणाली. त्या एका 'अहो'त पुढच्या महिन्याभराचं संभाषण सामावलेलं होतं.

अधिकारी मात्र हसला. "सील बदला आणि आमच्या केंद्रावर या. कॉम्प्रेसर आहे तिथे, देतो भरून. एकच अट. पुन्हा आम्हाला इथे बोलवायचं नाही."

इमारतीची तातडीची सभा भरली आणि आवारात कुठल्याही प्रकारची दाबलेली हवा बाळगण्यास मनाई झाली. कंपाउंडरांनी प्रेशर कुकरचं काय असं विचारल्यामुळे सभा बरीच लांबली. अचूकराव त्या सभेला गेलेच नाहीत. ते क्लबात होते, पंचनाम्याची प्रत सचिवांपुढे ठेवून. सचिवांनी ती वाचली, मग अचूकरावांकडे पाहिलं आणि विचारलं, "हे सगळं तुम्ही दाखल्यासाठी केलंत?"

"नियम म्हणजे नियम," अचूकराव म्हणाले.

सील बदललं, हवा अग्निशमन केंद्रावर भरून मिळू लागली, आणि मग एक विचित्र गोष्ट घडली. अचूकराव बरे मारू लागले. फार बरे नाही. पण श्वास सोडायचा, थांबायचं, बोट हळूच ओढायचं, यात त्यांना बेरीज जुळताना येणारं सुख मिळू लागलं. तेवढा वेळ त्यांना कुणाची चूक दिसत नसे. संध्याकाळी ते घरी शांत चेहऱ्याने येत, आणि बायको काळजीने कपाळाला हात लावून बघे.

स्पर्धेच्या दिवशी ती बघायला आली. कुणाला बघायला, हे तिने सांगितलं नाही आणि भाऊ व नवरा दोघांनीही विचारण्याचं धाडस केलं नाही. चिठ्ठ्या टाकून जागा ठरल्या. अचूकराव सात नंबरला, मेहुणा आठला. प्रत्येकाने आपापल्या कार्डावर दहा छर्रे मारायचे, ऐन मध्यावर लागलेल्याला दहा गुण.

अचूकरावांचे पहिले नऊ, नवशिक्याच्या मानाने, अब्रूला धरून लागले. मेहुण्याची आणि एका दातांच्या डॉक्टरांची पहिल्या जागेसाठी चुरस होती. मेहुण्याने घाम पुसला, शेवटचा छर्रा मारला आणि तो चुकचुकला. अचूकरावांनी ते ऐकलं, पण पाहिलं नाही. त्यांनी कोपर मोकळं केलं, पुन्हा बसवलं, दुर्बिणीला डोळा लावला. गोल काळं वर्तुळ फुलीच्या मधोमध आलं. श्वास गेला. जग थांबलं. बोट केव्हा ओढलं गेलं ते त्यांना कळलंही नाही. वर्तुळाच्या ऐन मध्यावर एक स्वच्छ, गोल भोक उमटलं. आयुष्यात एवढी देखणी वस्तू त्यांनी केली नव्हती.

मग त्यांनी डोळा दुर्बिणीवरून काढला. त्या कार्डावर आकडा होता आठ.

पंचांनी दोन्ही कार्डं टेबलावर ठेवली. सातवर नऊ भोकं, आठवर अकरा. सगळे जमले.

"कुणाचा छर्रा कुठे गेला ते उघड आहे," पंच म्हणाले. "पण आठवरचं नेमकं कुठलं भोक परकं, ते कळत नाही. आपला नियम असा, की कळत नसेल तर त्यातली चांगली दहा भोकं कार्डाच्या मालकाला मोजायची. म्हणजे एका गुणाने कप आठ नंबरला. सात नंबर, तुम्हाला काही सांगायचंय?"

मेहुण्याने डोळा मिचकावला. "जाऊ द्या दाजी. होतं असं पहिल्यांदा."

गप्प राहणं सोपं होतं. गप्प राहिलं तर ते एक साधे चुकलेले नवशिके होते. बोललं तर चूक अधिकृत होणार होती, पंचांच्या सहीसह. बायको भावाकडे पाहून हसत होती. पण अकरातली एक नोंद चुकीच्या खात्यावर पडलेली होती, हे डोळ्यांनी दिसत होतं. शिवाय कप जिंकला गेला तर तो कुणाच्या टीव्हीशेजारी येणार, हेही त्यांना माहीत होतं. इतकं शुद्ध कर्तव्य आणि इतका अशुद्ध स्वार्थ एकाच वेळी हात धरून येण्याचा योग क्वचितच येतो.

"मधलं," ते म्हणाले. "बरोबर मधोमध आहे ना, ते माझं."

पंचांनी चष्मा काढला. "म्हणजे, तुम्ही दुसऱ्याच्या कार्डावर दहा मारलेत?"

"दुसऱ्याच्या कार्डावर, हो," अचूकराव मान ताठ ठेवून म्हणाले. "पण दहा."

हशा पिकला. कुणीतरी टाळ्याही वाजवल्या, आणि त्या चेष्टेच्या होत्या की खऱ्या, हे अचूकरावांनी तपासलं नाही. त्यांच्या त्या छर्ऱ्याला शून्य मिळालं, मेहुण्याचे ते दहा गुण गेले, आणि कप दातांचे डॉक्टर घेऊन गेले. त्यांना टाळ्या ऐकण्याची सवय नव्हती. ते आनंदाने सगळ्यांना तोंड उघडून हसायला सांगत होते.

परतताना मेहुणा गाडी चालवत होता. बायको पुढे बसली होती आणि खिडकीबाहेर बघत होती. तिचे खांदे हलत होते. ती हसतेय की रडतेय ते मागून कळेना. अचूकराव मांडीवर बंदुकीची पेटी घेऊन मागे बसले होते.

सिग्नलला गाडी थांबल्यावर मेहुणा वळला.

"दाजी, एक विचारू? ते मधलं भोक माझं नव्हतं कशावरून?"

"तुझं असतं तर तू इथपर्यंत तीनदा सांगितलं असतंस."

बायकोला आता आवरेना. ती डॅशबोर्डवर डोकं टेकून मोठ्याने हसू लागली. मेहुणा तिच्याकडे बघत राहिला, मग आरशातून मागे बघत राहिला, आणि शेवटी त्यालाही हसू फुटलं. मागच्या गाड्या हॉर्न वाजवू लागल्या.

"पुढच्या वर्षी शेजारी उभे राहू नका म्हणजे झालं," तो गियर टाकत म्हणाला.

"जागा चिठ्ठ्यांवर ठरते. माझ्या हातात नाही."

"मग निदान चुकायला तरी नीट शिका हो!"